डाव्या हाताचा कोयता

या घरात सकाळचा उजेड दारातून येत नाही. दार पश्चिमेला, दरीच्या बाजूला आहे. उजेड येतो तो मागच्या कुडातून. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमाती लिंपलेली ही भिंत. पावसाळा सरला की तिचे लिंपण जागोजागी सुटते आणि काठ्यांमध्ये बारीक फटी राहतात. पहाटे प्रथम काहीच दिसत नाही. अंधार केवळ पातळ होत जातो. मग चुलीजवळच्या हंड्याचा काठ उजळतो. मग चुलीचा धूर वर चढू लागतो, आणि त्या धुरात एकाएकी उजेडाच्या काठ्या दिसू लागतात. कारवीच्या उभ्या काठ्यांतून आलेल्या या आडव्या काठ्या हळूहळू खाली सरकतात. त्या शिंक्यावरून जातात, टोपलीवरून जातात, भिंतीला टेकवलेल्या पाटावर काही वेळ थांबतात. त्यांना कसलीही घाई नसते. शेवटी त्या घरातल्या मधल्या खांबापाशी येतात, आणि त्या खांबावरच्या खिळ्याला मी टांगलेला आहे.

तेव्हा समोरच्या भिंतीवर माझी सावली पडते. पोटाशी बाक असलेली, टोकाशी पुढे झुकलेली. त्या सावलीत, जेथे पाते मुठीला मिळते त्या मानेपाशी, केसाएवढी उजेडाची एक रेघ दिसते. गेली कित्येक वर्षे मी ती पाहत आलो आहे. ती कुडातल्या एखाद्या फटीची असावी. अशा फटी या घरात पुष्कळ आहेत.

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. रानातली झुडपे तोडून वाट मोकळी करणे हे माझे काम होते. माझे पोलाद मात्र माझ्याहूनही जुने. खोडदच्या माळावर आकाशाचा आवाज ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या उभ्या राहत होत्या, त्या काळात तिकडे खडी वाहणाऱ्या एका ट्रकच्या कमानीचा मी पाटा होतो. त्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून नि:शब्द उभ्या असत. इतके मोठे काही केवळ ऐकण्यासाठी बांधता येते, याचे मला तेव्हापासून नवल वाटते. पुढे माझे सारे आयुष्यही कुणाच्या तरी ऐकण्यावरच ठरणार आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

ट्रक मोडीत निघाला आणि मी जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात, महंमद हनीफ यांच्या भट्टीत आलो. हनीफभाई घण मारीत आणि त्यांच्या पत्नी ताहेराबी भात्याचा दांडा ओढीत. १९९३ सालचा भाद्रपद होता. त्यांनी मला तापवले, ठोकले, बाक दिला. कोयत्याची धार एकाच अंगाने घासतात. उजव्या हाताच्या माणसासाठी एका अंगाने, डावखुऱ्यासाठी दुसऱ्या. सयाजी नावाच्या एका डावखुऱ्या शेतकऱ्याने मला सांगून बनवून घेतले होते, म्हणून माझी धार इतरांच्या उलट अंगाला आली.

शेवटी हनीफभाईंनी मला पाणी पाजले, म्हणजे लालबुंद करून पाण्यात बुडवले. मी किंचाळलो. त्या किंचाळण्यात कोठेतरी ‘टिक्’ असा अगदी लहान आवाज झाला. हनीफभाईंचा हात थबकला. त्यांनी मला उजेडाकडे धरून डोळे बारीक केले.

“क्या हुआ?” ताहेराबींनी विचारले.

“काय न्हाई. बघू,” एवढेच ते म्हणाले.

माझे रूप पाहूनच ते स्तब्ध झाले असावेत, असे मी समजलो.

सयाजी मला न्यायला आला तेव्हा त्याने मला पाहिलेदेखील नाही. मूठ सैल धरून त्याने नखाने माझ्या पात्यावर टिचकी मारली आणि कान जवळ आणला.

“ह्यो बोलत न्हाई, हनीफभाई.”

“बोलतो की.”

“बोलतो, पर गळा धरल्यावानी बोलतो. मला नगं राव.”

तो निघून गेला. माझ्यासारख्याला पेलण्याची त्याच्या मनगटात ताकद नसावी. त्यानंतर बाजारात कुणीकुणी मला उचलून पाहिले, हवेत एकदा फिरवले आणि हसत खाली ठेवले. “हनीफभाई, कोयता केलाय का आरसा? समदंच उलटं!” असे एक जण म्हणाला. बोळभर हशा पिकला. त्या दिवसापासून हनीफभाईंनी मला विकायच्या मालात मांडले नाही. मी गोणपाटाखाली पडून राहिलो. मला जपून ठेवले आहे, असे मी मनाला सांगत राहिलो.

खंडेनवमीला आठवडा उरला असताना एका बाजारच्या दिवशी ठकूबाई आल्या. भीमाशंकराच्या रानाच्या अंगाला, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर त्यांची वाडी होती. एसटी सोडल्यावर घाट चढून दोन तास चालावे तेव्हा ती येई. अंगाने त्या वाळलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या; पण कोयता निवडायला त्या खाली बसल्या आणि मला वाटले, एखादा वैद्य रोग्यापाशी बसला आहे.

मित्रांनो, कोयता निवडणे ही किती गंभीर गोष्ट आहे हे मी त्या दिवशी पाहिले. त्या चकाकीकडे बघत नव्हत्या. एकेक कोयता त्या मानेपाशी एका बोटावर तोलून पाहत. मग धार डोळ्यांपुढे धरून आभाळाच्या दिशेने तिच्यावरून नजर नेत. मग टिचकी मारून डोळे मिटत. आवाज संपेपर्यंत त्या श्वासही घेत नसत. अखेरीस कोयता डाव्या हातात घेत आणि मान हलवून परत ठेवत.

“समदे उजवेच हायती का रं, भाऊ?”

“डावरा कोण मागतं, मावशी?”

“आता म्या मागतीय न्हवं!”

हनीफभाई हसले. तेवढ्यात ठकूबाईंनी गोणपाट उचलले आणि मी त्यांना दिसलो. त्यांनी मला बोटावर तोलले, नजर फिरवली, टिचकी मारली. डोळे मिटले. इतरांपेक्षा अधिक वेळ त्या ऐकत राहिल्या.

“त्यो नका घेऊ,” हनीफभाई घाईने म्हणाले. “आठ दिसांनी या. नवा करून ठेवतो.”

“आठ दिसांनी खंडेनवमी व्हऊन जाईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी वाट काढायची असती. आमच्या वाटणीची वाट काय तुझी ताहेरा येऊन काढील?”

“काढीन की!” भात्यामागून ताहेराबी म्हणाल्या. “पण मला उजवा द्या.”

मग हनीफभाई पुढे वाकले आणि हलक्या आवाजात काही बोलले. ते मला ऐकू आले होते; परंतु ते येथे सांगण्याजोगे आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आणि पुढेही कधी वाटले नाही.

“ऐकलाय म्या त्याचा आवाज,” ठकूबाई म्हणाल्या. “दे.”

हनीफभाईंनी भाव वाढवला नाही, ठकूबाईंनी तो पाडला नाही. एवढ्या कोयत्यांतून त्यांनी मला निवडले होते. सर्वांत उत्तम म्हणून निवडले, असे मी धरून चाललो.

त्या वाडीतून खाली डांबरी रस्त्याला येणारी एकच पायवाट होती. पावसाच्या चार महिन्यांत रान तिला गिळून टाकी; मग एकट्यादुकट्याने झुडपांत अंग चोरून कसेबसे उतरावे. दसरा झाला की वाडीतले प्रत्येक घर आपापल्या वाटणीचा तुकडा मोकळा करी. ठकूबाईंच्या घराकडे कड्याचा तुकडा होता, दोनशे पावलांचा. उतरताना उजव्या हाताला कातळ, डाव्या हाताला दरी, आणि मध्ये एका माणसापुरती जागा. तेथे उजव्या हाताने कोयता उगारला की कोपर कातळावर आपटे. ठकूबाई डावखुऱ्या होत्या, म्हणून सून होऊन वाडीत आल्या त्या वर्षापासून तो तुकडा त्यांच्याकडे आला होता. देवापुढे त्यांनी डावा हात पुढे केला तर बायका डोळे वटारीत. कड्यावर मात्र त्याच हातावर साऱ्या वाडीची वाट अवलंबून असे.

ते रान मी प्रथम पाहिले तेव्हा माझी धार शहारली. धुके झाडांतून चालत होते. वर कोठेतरी शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेपावले आणि त्याची तांबूस शेपटी हवेत क्षणभर तशीच राहिली. एवढ्या जिवंत गोष्टींवर चालवण्यासाठी मला बनवले आहे, याचे मला भय वाटले.

पण ठकूबाईंचा हात काही निराळाच होता. घाणेरी, तोरणीची काटेरी फांदी, कारवीचे कोवळे दांडे यांच्यावर त्या मला चालवीत, तेही मनगटाच्या एका हलक्या झोल्याने. झुडूप आपणहून बाजूला झाल्यासारखे वाटे. जाड बुंधा आला की त्या थांबत. कधी वळसा घेत, कधी मागे वळून आपल्या मुलाला हाक मारीत, “भागू, कुऱ्हाड आण रं.” जाड लाकडावर त्यांनी मला कधीच घातले नाही. वाडीतले इतर कोयते खोडावर खणाखण पडत. मी मात्र पानाफांद्यांतून वाऱ्यासारखा जात असे. हा अरण्याचा मान आहे, असे मी जाणले. मोठ्या झाडाला शस्त्र लावायचे नाही असा या बाईचा नेम असावा, आणि अशा हातात मी आहे म्हणून माझे मन भरून येई.

रोज संध्याकाळी त्या मला फडक्याने कोरडा करीत, करंजाचे तेल लावीत आणि माझ्या मानेवरून अंगठा फिरवीत. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा.

“ठकूबाय, कोयता हाय का जावई?” पलीकडून सुईण सरूबाई विचारीत. “किती कुरवाळशील?”

“जावई बरा. त्यो निदान दुखलं-खुपलं बोलून दावतो,” ठकूबाई म्हणत. सरूबाई हसत सुटत.

अशी सात वर्षे गेली. मी कारवी तोडत होतो, आणि कारवीला फूल येत नाही असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. मग २००० सालचा पाऊस आला. तो ओसरत असताना एके सकाळी साऱ्या उतारावर जांभळा रंग चढलेला दिसला. सात वर्षे मुकी असलेली कारवी आठव्या वर्षी एकदम फुलली होती. कडा दिसत नव्हता, दरी दिसत नव्हती. सारे रान मधमाश्यांच्या आवाजाने गुणगुणत होते. ज्यांना मी इतकी वर्षे काटक्या समजून छाटले, त्यांच्या पोटात हे होते! मी खिळ्यावरून ते पाहत राहिलो.

त्याच वर्षीची खंडेनवमी. वाडीतली सारी हत्यारे सावळारामबाबांच्या अंगणात मांडली होती. बाबा वाडीतले सर्वांत वडीलधारे. त्यांनी आम्हांला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. पुजलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत जागचे हलवायचे नाही, त्या दिवशी ते देव असते, अशी तेथली रीत. आम्ही सारे फुलांखाली निश्चल पडून होतो.

इतक्यात सरूबाई धावत आल्या. भागूची बायको इंद्रायणी हिला सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या, आणि आठवा महिनाही पुरा झाला नव्हता.

“प्वार आडवं हाय,” सरूबाई म्हणाल्या. “ह्ये माझ्या हातचं न्हाई. आत्ताच्या आत्ता खाली न्या, न्हाईतर दोघांतलं कुणीच हाती लागायचं न्हाई.”

डोली बांधायला वेळ लागला नाही. बांबू होता, घोंगडी होती. पण वाट नव्हती. चार महिन्यांच्या रानाने ती बुजून गेली होती, आणि ती उघडणारी हत्यारे देव होऊन बसली होती.

“उद्या दसरा,” बाबा खाली मान घालून म्हणाले. “पहाटं हत्यारं उठवू.”

“प्वार पहाटंपतुर थांबल का, तेवढं इचारून या,” ठकूबाई म्हणाल्या.

ठकूबाई पुढे आल्या. माझ्यावरचे फूल उचलून त्यांनी देवापुढे ठेवले आणि डावा हात माझ्या मुठीला घातला.

“बाबा, ह्यो दोष माझा एकटीचा. तुमच्या हत्यारांस्नी लागू न्हाई.”

बाबा पुढे आले. मग वाकले आणि त्यांनी आपला कोयता उचलला.

“समदा दोष एकटीच घिऊन चाललीस व्हय? आमाला बी थोडा ठेव की.”

मग साऱ्या हातांनी आपापली हत्यारे उचलली. कपाळी कुंकू असलेले आम्ही वीसेक देव घाटाकडे धावत सुटलो. पुढे वाट उघडत होती, मागून डोली येत होती. प्रत्येकाने आपला तुकडा मोकळा केला आणि शेवटी कडा आला. तेथे सारे मागे थांबले. पुढे ठकूबाई एकट्या.

मी आयुष्यात असे काही पाहिले नव्हते. वाट अशी नव्हतीच. जांभळ्या फुलांची एक भिंत होती. ठकूबाईंचा हात फिरू लागला. फुले दरीत झडत होती, माश्या उठून भोवती घोंगावत होत्या, आणि त्यांतली एकही त्यांना डसली नाही. शंभर पावले झाली, दोनशे होत आली. मग त्या थांबल्या. पावसात वरून कोसळलेली जांभळीची मांडीएवढी फांदी कातळ आणि कडा यांच्यामध्ये आडवी अडकली होती. तिच्यावरून डोली जाणे शक्य नव्हते.

भागू कुऱ्हाड घेऊन पुढे आला. कोपर कातळावर आपटले आणि रक्त आले. पुन्हा आपटले.

“सर मागं,” ठकूबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या मानेवरून अंगठा फिरवला आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

“आये, घाल की जोरात! थांबलीस का?”

“जोरात न्हाई. किती सोसंल ते मला ठावं हाय.”

मी समजलो, त्या फांदीविषयी बोलत आहेत. अशा घटकेलाही झाडाची कीव करणारी ही बाई! त्यांनी मला जांभळीवर घातले ते हलक्या, तिरप्या घावांनी. पात्याच्या पोटाने, टोकाकडच्या अंगाने. मानेवर भार म्हणून येऊ दिला नाही. एकेक ढलपी निघत होती. साठ घाव, सत्तर घाव. मागे लोक कुजबुजत होते, कुणी देवाचे नाव घेत होते. भागू रडत होता. डोलीतून मात्र इतका वेळ आवाज नव्हता. मग आला.

“आत्याबाई,” इंद्रायणी म्हणाली, “दमानं घ्या. मी हाय.”

पुढचा घावही तेवढाच हलका पडला, त्यापुढचाही. आणि मग फांदी कण्हली, दुभंगली, दरीत गेली. ती तळाला पोहोचल्याचा आवाज येईपर्यंत डोली कडा ओलांडून गेली होती.

खाली भीमाशंकराहून परतणाऱ्या यात्रेकरूंची एक जीप थांबली. दवाखान्यात इंद्रायणी वाचली, तिची मुलगीही वाचली. तिचे नाव तेजस्विनी ठेवले.

ठकूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी मला धुतले, पुसले आणि उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिले. “टिकलास रं बाबा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला या खांबाच्या खिळ्याला टांगले. त्यानंतर मी पुन्हा रानात गेलो नाही.

पुढल्या वर्षी हनीफभाईंकडून दुसरा डावरा कोयता आला. तो टिचकीसरशी देवळातल्या घंटेसारखा वाजे. मला वाटले, मोठा पराक्रम केलेल्याला आता मानाने विसावा दिला आहे. पण खरे सांगू का मित्रांनो, दसऱ्यानंतर ठकूबाई त्याला घेऊन बाहेर पडत, तेव्हा तो मान मला फार जड होई. पुढे वाडीपर्यंत रस्ता झाला, जीपगाड्या दारात येऊ लागल्या. पायवाट बुजली. ठकूबाईंचा खांदा धरला आणि तो घंटेसारखा कोयताही गंजत कोपऱ्यात पडला. माझे तेल मात्र चुकले नाही. दर अमावास्येला त्या मला उतरवतात, तेल लावतात, मानेवरून अंगठा फिरवतात.

आता २००८ साल चालू आहे. बाहेर कारवी पुन्हा फुलली आहे. आज सकाळी भागू जुन्नरला निघाला होता, बांधावरच्या झुडपांसाठी नवा कोयता आणायला. ठकूबाईंनी त्याला थांबवले.

“नुसतं रंग बघून घिऊ नगंस. टिचकी मार आन् कान दे. खणखणला तरच घे.” त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि नखाने टिचकी मारली. “ह्यो बघ. ह्याच्यासारखा बद्द बोलला तर ठिव खाली. मानंला चीर असती.”

“चीर?” भागू म्हणाला. “ह्याला चीर हाय?”

“पैल्या दिसापास्नं. पाणी पाजतानाच गेली. हनीफभाऊनं सांगितलं व्हतं मला.”

“आन् तरी घेतलास? जांभळ त्यानंच तोडलीस? मोडला असता म्हंजे?”

“माझ्या हाताचा त्यो एकच व्हता तवा. मागनं हाताला असा बसला की सोडवंना,” ठकूबाई म्हणाल्या. “चीर हाय म्हणून ठावं व्हतं, म्हणून हात जपून पडायचा. जाडावर घातलाच न्हाई कधी त्याला. त्या दिसाला घातला तवा बी, निम्मं ध्यान प्वारीकडं आन् निम्मं त्याच्या मानंकडं.”

आठ वर्षांची तेजस्विनी जवळ उभी होती. तिने मला आपल्या आजीच्या हातातून घेतले, डोळ्यांसमोर धरले आणि कुडाकडे वळवले.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “ह्याच्यातनं ऊन दिसतंय.”

मित्रांनो, तुम्ही कधी कोयता निवडायला बसलात, तर खणखणीत वाजणाराच निवडा; ठकूबाईंनी लेकाला सांगितले तेच बरोबर आहे. पण जो तुमच्या घरात आधीच आलेला आहे, जो तुमच्या हाताला बसला आहे, त्याच्या मानेवरून कधीतरी अंगठा फिरवून पाहा, आणि त्याला सोसेल एवढेच काम सांगा. मी सात वर्षे ज्याला अरण्याचा मान समजलो, तो माझा सांभाळ होता. एका बाईने कड्यावरचे सारे रान हलक्या हाताने तोडले, ते मी तुटू नये म्हणून. हे मला एवढे मोठे वाटते की त्यापुढे खोडदच्या थाळ्याही लहान वाटाव्यात.

तेजस्विनीने मला पुन्हा खिळ्याला टांगले आहे. उजेड खांबापर्यंत आला आहे. समोर माझी सावली आहे, आणि मानेपाशी ती रेघ आहे.

ती फट कुडाची नाही. माझी आहे.